आईच्या सॅकचं वजन

आमचं घर मिक्सरने बुडवलं. हे थट्टेने लिहीत नाही. माझे आबा पाटे-वरवंटे, उखळं आणि जाती घडवायचे. बार्शीच्या बाजूला, गावाच्या कडेला, रस्त्यालगत एक ताडपत्री, आणि तिच्याखाली आम्ही चौघं. आबा, आई, धाकटा भाऊ आणि मी. आबा घडवायचे आणि आई गावोगाव हिंडून लोकांच्या जात्या-पाट्यांना टाकी लावायची. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दगड वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग त्यावर काही दळलं-वाटलं जात नाही. तेव्हा हातोडीने आणि टाकीने, म्हणजे टोकदार छिन्नीने, त्याला पुन्हा बारीक टोचे मारून खरखरीत करावं लागतं. आई डोक्यावर चुंबळ ठेवून गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची आणि हाळी द्यायची. घराघरात मिक्सर आले तशी त्या हाळीला दारं उघडेनाशी झाली.

आबा खडीच्या मशीनवर गेले. तिथली धूळ छातीत बसली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. शाळेत माझी वही झटकली की पांढरी भुकटी उडायची आणि पोरं मला ‘पावडर’ म्हणायची. मी तरी शिकले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कॉलेजची पदवी घेणारी पहिली मी. हे मी मान वर करून सांगते.

मान खाली घालायची गोष्ट वेगळी आहे. पुण्याहून आयर्लंडमधल्या कॉर्कला नोकरीला आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मृणालने विचारलं, “घरी कोण कोण? वडील काय करायचे?” मृणाल पुण्याची, सदाशिव पेठेतली. माझ्या तोंडून निघून गेलं, “कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होते. कॉन्ट्रॅक्टर.” एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं. मी दोन वर्षं सांभाळलं. मृणाल माझी जिवाभावाची मैत्रीण झाली तरी सांभाळलं.

यंदा एप्रिलात आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. विमानतळावरून घरी येताना बसमध्येच तिला म्हटलं, “आई, इथे माझ्या मैत्रिणी-मित्रांसमोर कामाचं काही काढू नकोस हं.”

“कंच्या कामाचं?”

“टाकीचं.”

आई खिडकीतून बाहेर बघायला लागली. “बरं,” एवढंच म्हणाली.

मे महिन्याच्या सुरुवातीला इथे सोमवारची सुट्टी असते. पाठीवर सॅक टाकून चार दिवस जुनी गावं बघत फिरायचं, हे आमचं आधीपासून ठरलं होतं. आम्ही म्हणजे मी, मृणाल आणि प्रणव. प्रणव नागपूरचा, मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आईचं काय करायचं, हा प्रश्न मला पडला होता, त्या दोघांना नाही. “काकू येतील की आपल्याबरोबर,” मृणाल म्हणाली आणि स्वतःची जुनी सॅक आईसाठी घेऊन आली.

शुक्रवार, कॅशेल

लुगडं, त्यावर माझं जाकीट, डोक्यावर लोकरीची टोपी, पायात स्पोर्ट शूज आणि पाठीवर जांभळी सॅक. अशी माझी आई कॅशेलच्या बसथांब्यावर उतरली. सॅक उतरवून घ्यायला प्रणवने हात घातला आणि त्याचा खांदाच खाली गेला.

“काकू, दगड भरलेत का यात?”

“दगूड न्हाय बाबा,” आई म्हणाली आणि सॅक त्याच्या हातातून काढून घेतली.

मला वाटलं, भाकरी असतील. आदल्या दिवशी तिने वीसेक कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून घेतला होता. आयरिश लोक काय खातात यावर तिचा भरवसा नव्हता.

कॅशेलला सपाट हिरव्या रानातून एक खडक वर आलाय आणि त्यावर जुनं चर्च, मनोरा, कोट असं सगळं एका जागी. फोटोत दिसतं त्याहून ते अंगावर येतं. पण मला पहिला धक्का बसला तो खाली, पलीकडच्या शेतात. तिथे जुन्या मठाचे अवशेष आहेत. तिकीट नाही, पहारा नाही, फाटकही नाही. गाई चरतायत आणि त्यांच्यामध्ये साडेसातशे वर्षांपूर्वीच्या कमानी नुसत्या उभ्या. छप्पर केव्हाच गेलेलं, वर आभाळ. आपल्याकडे असल्या कमानीवर चार पिढ्यांची नावं आणि बाण मारलेले बदाम दिसले असते. इथे एक ओरखडा नव्हता.

आईने कमानीपाशी बूट काढले. मोजेही काढले. आत घोटाभर ओलं गवत.

“काकू, इथे बूट चालतात,” मृणाल म्हणाली.

“देवाच्या दारात चालत न्हाईत,” आई म्हणाली आणि अनवाणी आत गेली. भिंतीवरून तळवा फिरवत ती हळूहळू चालत होती, आपण गाईच्या पाठीवरून हात फिरवतो तसा. एका कोपऱ्यात थांबून तिने सांध्यात नख घातलं. मी लगेच हाक मारली, “आई, चल.” ती एका सपाट फरशीवर उभी राहून माझी वाट बघायला लागली.

प्रणवने फरशीवर वाकून अक्षरं वाचली. “काकू, जरा बाजूला व्हा. हे थडगं आहे.”

आईला समजलं तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. तिने खाली पाहिलं, मग चहूकडे. सगळीकडे तशाच फरशा. लोकं त्यांवरून कॅमेरे घेऊन फिरत होती, एक बाई तर एका फरशीवर बसून सँडविच खात होती.

“मड्याच्या अंगावर बसून जेवत्यात?” आईने मला कुजबुजत विचारलं. मी म्हटलं, “इथली पद्धत आहे.”

होस्टेलवर येताच आईने डोक्यावरून अंघोळ केली. दुपारचे तीन, बाहेर नऊ अंश. सामायिक न्हाणीघरात आत कुठला नळ कसा फिरवायचा ते मी तिला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे गार पाण्यानेच. प्रणवने तिला तीन पांघरुणांत गुंडाळलं आणि डॉक्टरी आवाज लावला. “काकू, न्यूमोनिया झाला तर मला ड्यूटी लावाल तुम्ही, सुट्टीत.” आई दात वाजवत हसली. मग होस्टेलच्या स्वयंपाकघरात आम्ही भाकरी आणि ठेचा काढला. एक जर्मन मुलगी डोकावली, तिला आईने भाकरीचा तुकडा आणि ठेच्याचं बोट दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती पुन्हा मागायला आली.

शनिवार, किल्केनी

किल्केनी हे नदीकाठचं मध्ययुगीन शहर. एका टोकाला राजवाडा, दुसऱ्या टोकाला मोठं चर्च आणि मधल्या रस्त्यातून फुटलेल्या अरुंद बोळी. मला ते बघताच आपलंसं वाटलं. बोळात समोरून माणूस आला की भिंतीला चिकटावं लागतं, आणि माणूस अनोळखी असला तरी “हाऊ आर या” म्हणून जातो. कॉर्कच्या ऑफिसात वर्षभर बाजूला बसून नाव न विचारणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे याचंही नवल वाटलं.

या शहराचा काळा दगड प्रसिद्ध आहे. घासला की काचेसारखा होतो. जुन्या पायऱ्यांना, उंबऱ्यांना, काही ठिकाणी पायवाटेलाही तो आहे. आम्ही तिघं एका दुकानाच्या काचेतून लोकरीचे मफलर बघत होतो. मागे वळले तर आई नाही.

ती भर रस्त्यात उकिडवी बसली होती. दोन्ही हातांनी फरशी चाचपत होती. माणसं तिला वळसा घालून जात होती. एक म्हातारा थांबून विचारत होता, “आर यू ग्रँड, लव्ह? बऱ्या आहात ना? काही पडलं का तुमचं?”

मी तिचा दंड धरून तिला उठवलं. जोरात उठवलं, आता लिहिताना कळतं.

“ह्यो आपला दगूड न्हाय,” आई मला समजावून सांगत होती, तिच्या डोळ्यांत चमक होती. “काळा हाय, पन आतनं मऊ. बग, पोटात शंख हायेत ह्येच्या. ह्येचा पाटा व्हनार न्हाय, दोन दिसांत भाजीत कचकच यील.”

“आई, बास.”

“काय म्हणतायत काकू?” मृणालने मागून विचारलं.

“काही नाही. पाय घसरला म्हणतेय.”

आईने माझ्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नाही, पण माझं खोटं तिने मोडलंही नाही. उरलेला दिवस ती आमच्या मागून दोन पावलं ठेवून चालली. दुपारी पबमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि बासरी वाजत होती, कुणीतरी आईला सफरचंदाचा रस आणून दिला, प्रणव “काकू, याला इथे क्रॅक म्हणतात, म्हणजे धमाल” असं काहीबाही सांगत होता. आई मान हलवत राहिली. सॅक तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

रविवार, एक लहान गाव

या गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनीच तसं सांगितलंय, आणि का ते पुढे येईलच.

किल्केनीहून बसने तासाच्या आत आपण तिथे पोचतो. एक रस्ता, एक चर्च, दोन पब, गावकोटाची पडकी भिंत आणि जुन्या शाळेच्या इमारतीत गावकऱ्यांनीच मांडलेलं छोटं संग्रहालय. ते नोरा सांभाळतात. सत्तरीच्या असतील, निळा स्वेटर, गळ्यात चष्मा. आम्ही चौघंच आलेलो, त्यामुळे त्यांनी सगळं हाताने उचलून दाखवलं. लोण्याची रवी, कोळशाची इस्त्री, दुधाचे डबे. मागच्या अंगणात गेलो आणि मी दारातच थिजले.

पत्र्याच्या छपराखाली जातं होतं.

दुसरं काही नाही, जातंच. दोन गोल दगडी तळ्या, वरच्या तळीला मधोमध दाणे घालायचं तोंड, कडेला खुंटा. दगड करडा होता, एवढाच फरक. बाजूला पाटी. दोनशे वर्षं जुनं, ओट दळण्यासाठी, मुलांनी हलक्या हाताने फिरवावं. ज्या वस्तूपासून मी आठ हजार किलोमीटर लांब आले होते, ती माझ्या आधी इथे येऊन बसली होती.

नोरांनी मूठभर ओट घातले आणि फिरवून दाखवलं. दाणे जसे गेले तसे सगळे अखंड बाहेर आले.

“हे आता फक्त दाखवण्यापुरतं,” त्या म्हणाल्या.

माझ्यामागे आई फिसकन हसली. मी वळून डोळे मोठे केले. तिने तोंडावर पदर घेतला.

“आता चहा घ्या. स्कोन सकाळीच केलेत,” नोरा म्हणाल्या. आम्ही स्वयंपाकघराकडे निघालो तशी आई म्हणाली, “मी बसते हितं, ऊन आलंय.” मला बरंच वाटलं. स्वयंपाकघरात नोरांनी प्रेसमधून कप काढले. प्रेस म्हणजे इथे कपाट. मृणाल आणि प्रणव त्यांच्याशी गप्पांत रंगले. स्कोनवर लोणी, त्यावर जॅम. माझा दुसरा घास तोंडात होता.

टक. टक टक. टक टक टक.

तो आवाज मी जगात कुठेही ओळखेन. त्या आवाजावर मी लहानाची मोठी झालेय, त्या आवाजावर पाढे पाठ केलेत.

“बाहेर काम चाललंय का?” प्रणव म्हणाला.

“रविवारी?” नोरा म्हणाल्या. “इथे कोणीच नाही.”

मी धावायला हवं होतं. माझ्या आधी नोरा दारात पोचल्या आणि त्यांच्या तोंडून “जीझस, मेरी अँड जोसेफ” एवढं निघालं, अगदी हळू.

आईने वरची तळी एकटीने काढून उलटी ठेवली होती. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला, लुगड्याचा ओचा खोचलेला, डोक्याची टोपी काढून गुडघ्याखाली घेतलेली. डाव्या हातात टाकी, उजव्यात हातोडी. शेजारी जांभळी सॅक उघडी पडली होती आणि त्यातून आबांच्या जुन्या धोतराचा फडका बाहेर आला होता. म्हणजे ते सगळं वजन याचं होतं. बार्शीहून कॉर्क, कॉर्कहून कॅशेल, किल्केनी. दगडावर पांढरे ताजे टोचे उठले होते, मधल्या तोंडापासून कडेकडे, ओळीने. पाव तळी तिने करून टाकली होती.

नोरांचा चेहरा पांढरा पडला होता. दोनशे वर्षांची वस्तू, आणि माझी आई तिच्यावर छिन्नी मारत होती. पोलीस, दंड, व्हिसा, नोकरी असं सगळं एका दमात माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

“संगीता, काकूंना थांबव,” मृणाल म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “हे काकूंना कसं येतं?”

आणि त्यावर मी काय बोलले ते लिहायलाच हवं. मी नोरांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “माफ करा. ती खेड्यातली आहे. म्हातारी आहे. तिला काही समजत नाही.”

आईला इंग्रजी येत नाही. पण लेकीचा सूर कुठल्याही भाषेत कळतो. तिची हातोडी थांबली.

“म्या काय मोडलं का गं?” तिने विचारलं.

नोरा चष्मा डोळ्यांना लावून दगडाजवळ गेल्या, हात पुढे केला आणि मागे घेतला. “मला टॉमला फोन करावा लागेल,” त्या म्हणाल्या. “तो गडी काय म्हणेल देवाला ठाऊक. त्यानेच हे जातं आम्हाला दिलंय.” त्या आत गेल्या.

टॉम यायला अर्धा तास लागला. आम्ही अंगणातल्या बाकावर बसून होतो. आईने हत्यारं फडक्यात बांधून मांडीवर ठेवली होती, पोलीस ठाण्यात बसतात तशी ती बसली होती. ते मला बघवेना. मी मृणालला आणि प्रणवला सांगितलं. आबा कॉन्ट्रॅक्टर नव्हते. पाटे घडवायचे. आई टाकी लावायची, माझी पहिली फी भरली तेव्हाही लावत होती, मला नोकरी लागली त्या दिवशीही ती वैरागच्या बाजारात टाकी लावत होती.

“मग दोन वर्षं मला कॉन्ट्रॅक्टर का सांगितलंस?” मृणाल म्हणाली.

“तू सदाशिव पेठेतली म्हणून.”

तिला ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. ती बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लागली. मग खाली बघतच म्हणाली, “आमच्या आजीकडे पाटा होता. दर वर्षी एक बाई यायची टाकी लावायला. तिने पाणी मागितलं की आजी वरून ओतायची, तिच्या ओंजळीत. भांडं लागू नये म्हणून. मी आजीच्या बाजूला उभी असायचे. मला त्यात कधी काही वाटलं नाही, संगीता. आत्तापर्यंत नाही वाटलं.”

असं काही ऐकायची माझी तयारीच नव्हती. बोलली ती आई.

“पाटा कशाचा व्हता?”

“काय काकू?”

“तुमच्या आजीचा पाटा गं. काळा व्हता का तांबूस? टाकी किती दिस टिकायची?”

“काळा,” मृणाल म्हणाली. “वर्षभर टिकायची.”

“मग बाई हुशार व्हती,” आई म्हणाली.

मृणाल उठली, आत गेली आणि कपात पाणी घेऊन आली. आईच्या हातात दिलं. आई निम्मं प्यायली आणि तिने कप परत दिला. उरलेलं मृणाल प्यायली. या विषयावर आम्ही त्या दिवशी पुन्हा बोललो नाही.

टॉम आला. ऐंशीचा असावा, वाकलेला, पंजे मात्र फावड्यासारखे. नोरांनी वाटेतच त्याला सगळं सांगितलं असावं. आमच्याकडे न बघता तो सरळ जात्यापाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. खिशातून चष्मा काढला. मग अंगठा. आईने केलेल्या ओळींवरून त्याने अंगठा फिरवला, मधून बाहेर, मधून बाहेर.

“कोणी केलं?”

मी उभी राहिले. “माझ्या आईने,” मी म्हणाले. “तिचं कामच ते आहे. तीस वर्षं तिने हेच केलंय. माझे वडील जाती घडवायचे. चूक झाली ती माझी, मी तिच्याजवळ थांबले नाही. पण तिला काही समजत नाही असं मी मघाशी म्हणाले ते खोटं आहे. यातलं तिच्याइतकं इथे कोणालाच समजत नाही.”

टॉमने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. हात पुढे केला. आईने मला विचारलं, “काय मागतोय?” मी म्हटलं, “टाकी.” तिने फडकं सोडलं आणि दिली.

त्याने टोक बघितलं, नखावर लावून बघितलं. मग उठला आणि गाडीकडे गेला. नोरांनी डोळे मिटून घेतले. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कातडी गुंडाळी होती. त्यातून त्याने स्वतःची छिन्नी काढली आणि आईच्या टाकीशेजारी ठेवली. पन्नास वर्षं तो गवंडी होता, थडग्यांचे दगडही घडवायचा. दोन्ही हत्यारांची लांबी जवळजवळ सारखी होती. हातोडीच्या माराने डोकी पसरून आलेली फुलंही सारखी.

“हे जातं माझ्या आजीचं,” तो म्हणाला. “दर थोड्या महिन्यांनी ती त्याला टोचून घ्यायची. ती गेल्यावर कोणी हात लावला नाही. कमिटीने पाटी लावली, मुलं येऊन फिरवतात आणि मला दर वेळी वाटतं, हे मेलेलं आहे.” मग तो नोरांकडे वळला. “हे सरकारी वस्तुसंग्रहालयातलं असतं तर आपण सगळे आत गेलो असतो, नोरा.” मग मला म्हणाला, “बाईंना सांगा, पुन्हा न विचारता असं करू नका. आणि सांगा, त्यांनी जुन्या टोच्यांवरच टाकी धरलीय, एकही नवा मारलेला नाही. मला तर ते जुने दिसतही नव्हते.”

मी आईला सांगितलं. पहिलं ऐकून तिने मान खाली घातली. दुसरं ऐकून म्हणाली, “दिसत न्हाईत, बोटाला लागत्यात.” आणि लगेच, “त्येला म्हनावं, खालची तळी तशीच राहिली तर दळनार न्हाय.”

टॉम हसला. तो खाली बसला, आईसमोर. पुढचे दोन तास ते दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि मला भाषांतराला कोणी विचारलं नाही. वरची तळी आईने पुरी केली, खालची टॉमने धरली. मध्येच आईने त्याचा हात पकडून छिन्नीचा कोन बदलला. ऐंशी वर्षांच्या गवंड्याचा. त्याने पुढे तोच कोन धरला.

तळी तळीवर बसवली तेव्हा साडेपाच झाले होते. आमची बस गेली होती. नोरांनी ओट आणले. मृणाल म्हणाली, “काकू, आता ओवी म्हणा ना.”

“ओव्या दळनारीच्या,” आई म्हणाली. “म्या टाकीवाली. तूच दळ.”

मृणालने खुंटा धरला, नोरांनी मुठीने दाणे वैरले. पहिल्या दोन फेऱ्यांत दगडाची भुकटी आली, ती आईने झटकून टाकली. मग घरघर बदलली, जड झाली, आणि तळ्यांच्या मधून चहूबाजूंनी पीठ सांडायला लागलं. करडं-पिवळं, कोमट. टॉमने चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं आणि तोंडात टाकलं. तो भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. प्रणव हळूच म्हणाला, “माझ्या पेशंटला असं काही झालं तर मी बसा म्हणतो.” त्याने टॉमला खुर्ची दिली.

ती रात्र आम्ही नोरांच्या घरी राहिलो. सोमवारी सकाळी त्यांनी त्या पिठाचा ब्रेड भाजला. आईने खाऊन बघितला आणि म्हणाली, भाकरी बरी.

जून महिन्यात नोरांचा ईमेल आला. जात्याची पाटी बदलल्याचा फोटो होता, आणि गावाचं नाव कुठे लिहू नका, नाहीतर लोक आपापली हत्यारं घेऊन येतील, अशी विनंती. तो फोटो मी ऑफिसात माझ्या टेबलावर लावलाय. कोणी विचारलं की सांगते, आबा काय करायचे आणि आई काय करते.

पाटीवर पहिल्या ओळीत टॉमच्या आजीचं नाव आहे. त्याखाली लिहिलंय, हे जातं दळतं, आणि त्याखाली, टाकी लावली शेवंताबाईंनी, बार्शी, महाराष्ट्र. आमच्या घरात कोणाचं नाव पाटीवर लागण्याची ही पहिलीच वेळ.